खंडेनवमीला धुतलेला फिल्टर

कासिम मुकादमबद्दल लिहायला बसलोय म्हटल्यावर आमच्या सोसायटीतले निम्मे लोक विचारतील, हा कोण बुवा? साहजिक आहे. खारघरला आमच्या टॉवरच्या लॉबीत खाऱ्या पाण्याची माशांची टाकी होती, ती सांभाळायला तो यायचा. मंगळवारी आणि शनिवारी, सकाळी दहाला. पाठीला सॅक, हातात दोन बादल्या, पँट घोट्याच्या वर दुमडलेली. लोकांना तेवढाच माहीत. पण या माणसाचं मी जे वाटोळं केलं, ते माझ्या घशाखाली उतरत नाही. माझी बायको सुनयना म्हणाली, एकदाचं लिहून टाका, म्हणजे घरात उगाच भांडी आपटायची थांबाल.

मी हौसेराव. मूळचा कोरेगावकडचा, सातारा जिल्ह्यातला. महाप्याच्या एका रंगाच्या कंपनीत सांडपाण्याच्या प्लांटवर एकतीस वर्षं काढली. ऑपरेटर म्हणून चिकटलो आणि सुपरवायझर होऊन बाहेर पडलो. स्वभाव तापट. प्लांटवरची माणसं मला पाठीमागे 'बॉयलर' म्हणायची, आणि मला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंसुद्धा. रिटायर झाल्यावर हा सगळा ताप सोसायटीच्या कमिटीवर निघायला लागला. पाण्याचा टँकर, पंप, गच्चीवरच्या टाक्या, पाण्याचं काहीही असो, हौसेरावांना विचारा. पाण्यातला माणूस.

कासिम म्हसळ्याकडच्या एका खाडीकाठच्या गावातला. बाप जहाजावर खलाशी. कासिम विसाव्या वर्षी दुबईला गेला आणि तिथल्या एका हॉटेलच्या अवाढव्य टाकीत तोंडाला मास्क लावून काचा आतून पुसायचं काम त्याने अकरा वर्षं केलं. पाहुणे बाहेरून फोटो काढायचे, त्यात मासे यायचे आणि कोपऱ्यात हा. हे सांगताना तो हसायचा. तिथल्या एका फिलिपिनो सुपरवायझरने त्याला खारं पाणी म्हणजे काय ते शिकवलं. बाप वारला तेव्हा आई करिमुन्निसा गावी एकटी राहिली म्हणून हा परत आला. तळोज्याला एका खोलीत बायको अफिफा, मुलगी शायमा आणि हा. आईला आणायचं तर झोपवायचं कुठे, म्हणून ती गावीच. मोठं काम लागलं की दोन खोल्यांचं घर घेऊन आईला आणायची, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं, आणि ते तो कोणालाही सांगायचा, वॉचमनलासुद्धा.

त्याची कामाची पद्धत बघून मी सुरुवातीला वैतागायचो. आल्या आल्या टाकीला हात नाही लावायचा. बादल्या ठेवून समोर फरशीवर मांडी घालून बसायचा, चांगली पाच-सात मिनिटं, नुसता बघत. मी एकदा म्हटलं, अरे बाबा, सिनेमा बघायला आलास का? तर म्हणाला, मीटर काय ते नंतर सांगतो, मासे आधी सांगतात. कोण कोपऱ्यात दबून आहे, कोण वर येऊन तोंड उघडतंय, कोणाचे कल्ले भरभर हलताहेत, हे बघून झालं की मग बोट बुडवून वास घ्यायचा, आणि मग कुठे त्याच्या बाटल्या आणि कागदाच्या पट्ट्या निघायच्या. रमजान ईदला तो आमच्याकडे तांदळाची गोड सांदणं घेऊन यायचा आणि सुनयना त्याच्या डब्यात पुरणपोळ्या भरून द्यायची. मला काका म्हणायचा.

ही टाकी मुळात आली कशी तेही सांगतो. बिल्डरने लॉबीत भिंतीला लागून काचेची टाकी बसवून दिली होती, आत काही नाही. दोन वर्षं तिथे प्लॅस्टिकची फुलं धूळ खात होती. शेजारच्या टॉवरने गोड्या पाण्याचे मासे आणले, तेव्हा आमचे चेअरमन धर्मराज ठोंबरे पेटले. त्यांच्याकडे नदी, तर आपल्याकडे समुद्र पाहिजे. बाराव्या मजल्यावरच्या एकांच्या घरी कासिम टाकी सांभाळायचा, त्यांनी त्याचं नाव सुचवलं. आणि मग सोसायटीच्या ऑफिसात फिल्टर कुठला घ्यायचा यावर जी मिटिंग झाली, तिथून माझ्या पापाला सुरुवात आहे.

कासिमने सगळं नीट समजावून सांगितलं. मागे टांगायचा छोटा फिल्टर सहा फुटी टाकीला पुरणार नाही, तो विषयच सोडा. राहिले दोन प्रकार. एक म्हणजे टाकीच्या खाली कपाटात दुसरी टाकी ठेवायची, पाणी वरून तिच्यात उतरणार आणि पंपाने परत वर जाणार. त्या खालच्या टाकीत स्किमर नावाची एक उभी नळी. ती पाण्यात बारीक बुडबुडे सोडते, घाण बुडबुड्यांना चिकटून फेसासारखी वर येते आणि वरच्या वाटीत जमते. आणि वरच्या टाकीत भरपूर दगड. दुसरा प्रकार म्हणजे बंद डब्यासारखा फिल्टर, आत स्पंज आणि पांढऱ्या सिरॅमिकच्या रिंगा. आवाज नाही, वास नाही, पाणी काचेसारखं दिसतं. पण माझं मत पहिल्याला, कासिम म्हणाला.

स्किमर मला लगेच कळला. आमच्याकडे गुऱ्हाळात काहिलीत रस उकळताना भेंडीचं पाणी घालतात, की मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढतात. तेच हे. मला इतकं चटकन कळलं, आणि तरी मी विरोध केला. का? तर तो स्किमर गुरगुरतो. ती वाटी नासक्या अंड्यासारखी वास मारते. लॉबीत पाहुणे येतात. आणि खरं कारण सांगू? पाण्याबद्दल बोलणारा दुसरा माणूस त्या खोलीत होता, आणि सगळे माझ्याऐवजी त्याच्याकडे बघत होते. मी म्हटलं, डबाच घ्यायचा. आणि दगड कमी टाका, मासे दिसू देत, आपण काय डोंगर बघायला जमलोय का? सगळे हसले आणि ठरलं.

कासिम चिडला नाही. मला म्हणाला, काका, घाण अडवणं सोपं आहे, माशाची लघवी अडवता येत नाही. ती डोळ्याला दिसतपण नाही, पाणी एकदम नितळ असतं आणि मासा मरतो. ती खाऊन टाकणारे जिवाणू लागतात. ते दगडात राहतात, नाहीतर त्या रिंगांत. तुमी दगड कमी केले, म्हणजे सगळी वस्ती एका डब्यात आली. मी म्हटलं, मला शिकवतोस होय रे? एकतीस वर्षं मी प्लांटच्या टाकीत जिवाणू पाळले. सुट्टीत कंपनी बंद असली तर गूळ आणि शेण कालवून घालायचो त्यांना, उपाशी मरू नयेत म्हणून. त्यावर तो मनापासून हसला. म्हणाला, मग तर माझं टेन्शनच गेलं. फक्त एक शब्द द्या, तो डबा माझ्याशिवाय कोणी उघडायचा नाही. मी दिला शब्द. त्याच्या हातात हात देऊन दिला.

वर्षभर टाकी झकास चालली. कासिम महिन्यातून एकदा डबा उघडायचा, टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज पिळायचा, रिंगांना तर नुसतं हलवून परत ठेवायचा. अकरा मासे होते. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची जोडी, एक लिंबासारखा पिवळा, काही निळे, आणि एक गुबगुबीत पफर, त्याचं नाव सोसायटीतल्या मुलांनी बटाटा ठेवलं होतं. काचेला बोट लावलं की बटाटा तिथे यायचा. टाकी बघून सोसायटीतल्या आणखी तीन घरांनी कासिमला काम दिलं. आणि मग गेल्या सप्टेंबरात वाशीच्या एका मुलांच्या हॉस्पिटलने त्याला बोलावलं. त्यांना वेटिंग रूममध्ये अशीच टाकी हवी होती, बांधून पाच वर्षं सांभाळायला. अट एकच, सध्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आणा, की हा माणूस भरवशाचा आहे. धर्मराज म्हणाले, दसरा होऊ दे, लेटरहेडवर टाइप करून देतो. कासिमने तळोज्यात दोन खोल्यांचं घर बघूनही ठेवलं होतं.

दसऱ्याच्या आधी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. चार दिवस गावी जातो म्हणून तो मला सांगायला आला. मी म्हटलं, बिनघोर जा, आईजवळ बस, मी आहे ना इथे. मासे भरपूर खाऊन आहेत, फक्त रोज चिमूटभर टाका, एवढं सांगून तो गेला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आता हे मी कसं समजावू? एकतीस वर्षं माझी खंडेनवमी प्लांटवर झाली. त्या दिवशी एकेक पंप बंद करायचा, खोलायचा, घासून धुऊन लख्ख करायचा, पुसून उन्हात वाळवायचा, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा, आणि मगच चालू करायचा. मळलेल्या यंत्राची पूजा मी कधी कोणाला करू दिली नाही, आईशप्पथ. रिटायर झाल्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला घरात मी मिक्सरची आणि स्कूटरची पूजा केली तेव्हा मला रडू आलं होतं. त्या सकाळी पाट, ताट, झेंडू घेऊन मी लॉबीत उतरलो. मला वाटलं, हे एक यंत्र आहे इथे. पाण्याचं यंत्र. हे माझंच.

मी डबा बंद केला आणि उघडला. आतल्या रिंगा तपकिरी, बुळबुळीत, घाणेरडा वास. मला लाज वाटली, खरंच सांगतो. कासिमची लाज वाटली, की हा असा ठेवतो यंत्र. बागेतल्या नळाला पाइप लावून मी एकेक रिंग ब्रशने घासली. स्पंज साबणाने नाही, पण नळाखाली इतका पिळला की त्यातून नितळ पाणी यायला लागलं. सगळं गच्चीवर उन्हात वाळत घातलं. दुपारी पूजा केली. संध्याकाळी जोडून चालू केलं. रिंगा नव्यासारख्या पांढऱ्या दिसत होत्या, आणि मी समाधानाने जेवलो.

तो पंप नव्हता. ती वस्ती होती. माझ्या प्लांटवर मी खंडेनवमीला पंप धुतले, पण जिवाणूंच्या टाकीला एकदाही ब्रश लावला नाही, लावला असता तर मीच माणसाला कामावरून काढला असता. हे मला एकतीस वर्षं माहीत होतं. त्या सकाळी माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माळ घालायच्या घाईत मी ते मनात येऊच दिलं नाही.

दसऱ्याला संध्याकाळी पाणी जरा दुधाळ दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळा मासा तळाशी आडवा होता आणि बाकीचे पृष्ठभागाला तोंड लावून हवा गिळत होते. मी कासिमला फोन केला. तो पहिल्या एसटीने निघाला, डोळ्यावर पट्टी असलेल्या आईला शेजारणीकडे सोडून. पोचेपर्यंत दुपार झाली. लॉबीत चाळीस माणसं जमली होती, मुलं रडत होती, कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकत होतं. या वेळी तो फरशीवर बसला नाही. सरळ बादल्या भरायला लागला. पाणी बदललं, हवेच्या नळ्या सोडल्या, औषध टाकलं, खांद्यापर्यंत भिजला. बटाटा त्याच्या तळहातावर मेला.

मग त्याने डबा उघडला. मी त्याच्या शेजारीच होतो, वाकून. पांढऱ्याफेक रिंगा. आणि झाकणाच्या खाचेत, रबराच्या कडेला, लाल कुंकवाची रेघ. त्याने ती पाहिली. मी पाहिलं की त्याने ती पाहिली. खांद्यावरच्या फडक्याचं टोक घेऊन त्याने ती हळूच पुसली, झाकण लावलं आणि उभा राहिला. सगळ्यांसमोर मला विचारलं, "काका, मी नसताना डबा कोणी उघडला होता का?"

मी म्हणालो, "मला काय माहीत."

हे शब्द मी गेले कित्येक महिने रोज ऐकतो. आंघोळ करताना, भाजी आणताना. मी काही पळपुटा माणूस नाही हो. कंपनीत मालकाच्या तोंडावर बोललोय. पण त्या क्षणी माझ्यासमोर ती चाळीस तोंडं होती, आणि त्यांना उद्या म्हणताना मी ऐकलं, पाण्यातला माणूस म्हणे, आणि नळाने मासे मारले. तेवढ्या भीतीपायी मी बोललो. आणि एकदा बोललो ते बोललो. प्रत्येक दिवसाने ते आणखी घट्ट झालं.

रविवारी मिटिंग लागली. कासिमला दाराजवळ उभं ठेवलं होतं, खुर्ची कोणी दिली नाही, मीही नाही. धर्मराज म्हणाले, ऐन सणात टाकी वाऱ्यावर सोडून हा माणूस गावी गेला, कोणाला सांगून गेला होता का? मला सांगून गेला होता. मीच म्हटलं होतं, बिनघोर जा. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसलो. कासिम म्हणाला, काय झालं ते मला पण शोधावं लागेल, मासे मी माझ्याकडून आणून देतो, एक संधी द्या. दिली नाही. तीन घरांनी त्याच आठवड्यात काम काढून घेतलं. हॉस्पिटलने चौकशीला फोन केला तेव्हा धर्मराजांनी सांगून टाकलं की आमचे तर सगळे मासे मेले. पत्र टाइप झालंच नाही. टाकी उपसली आणि प्लॅस्टिकची फुलं परत आली.

सुनयनाने मला ताट घेऊन खाली जाताना पाहिलं होतं. मिटिंगच्या दिवशी घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, बोललात का? मी तिच्यावर ओरडलो. तुला काय कळतं, मध्ये पडू नकोस, असं बरंच काही. ती ताटं वाढायला गेली. ईद आली तेव्हा सांदणं आली नाहीत. ती पुरणपोळ्यांचा स्टीलचा डबा काढून ओट्यावर ठेवून गेली. मी तो डबा फडताळात कोंबला. दुसऱ्या दिवशी मी कासिमला फोन लावला.

त्याने उचलला. बोला काका, म्हणाला, जसं नेहमी म्हणायचा तसं. सीवूड्सच्या एका क्लबच्या स्विमिंग पुलावर आहे म्हणाला, चारनंतर या. मी तीनलाच जाऊन गेटवर उभा राहिलो. तो लांब दांड्याला ब्रश लावून तळ घासत होता. क्लोरीनचा वास इतका की माझे डोळे चुरचुरले. त्याच्या हातांची सालं निघाली होती. इथे पाण्यात काहीच जिवंत ठेवायचं नसतं, काम सोपं आहे, तो म्हणाला. घराचं विचारलं तर म्हणाला, ते घर दुसऱ्याने घेतलं. आई गावीच. एका डोळ्याने नीट दिसतं आता.

मी पाठ करून गेलो होतो, सगळं विसरलो. म्हणालो, कासिम, तो डबा मी धुतला. तो म्हणाला, माहीत आहे. मग मात्र माझा तोल गेला. गुन्हेगार मी आणि चिडलोही मीच. म्हटलं, मग बोलला का नाहीस तू? तिथल्या तिथे माझ्या तोंडावर का नाही म्हणालास?

त्याने ब्रश कठड्याला टेकवून ठेवला.

"काय बोलू काका? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, चाळीस लोकांसमोर, मी सांगू की यांच्या पूजेने मासे मेले? मी? मी बोललो असतो तर गोष्ट माशांची राहिली नसती. तुमी बोलला असता तर माशांचीच राहिली असती. ते बोलणारे तिथे तुमी एकटेच होता."

मी इतक्या रात्री जागून, इतक्या सबबी उलटसुलट करून बघितल्या होत्या. ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. ती रेघ त्याने मला वाचवायला पुसली असं मी समजून चाललो होतो. मनातल्या मनात त्याबद्दल त्याचे आभारही मानले होते. निर्लज्जपणाला पण काही मर्यादा असते हो.

मी म्हटलं, पुढच्या रविवारी मिटिंग आहे, सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो. तुझं पत्र घेऊनच येतो. हॉस्पिटलची टाकी अजून झालेली नाही, मी चौकशी केलीय. तो माझ्याकडे बघत राहिला, टाकीसमोर बसून बघायचा तसा. मग म्हणाला, सांगा. काय म्हणतात ते मला कळवा.

घरी येऊन मी कागदावर लिहून काढलं. दोन पानं झाली. पूजा, नळ, रिंगा, ते खोटं, तो मला सांगून गेला होता ते. आणि शेवटी चार ओळी, कासिम मुकादम यांची काहीही चूक नव्हती, सोसायटीने त्यांची माफी मागावी, हॉस्पिटलसाठीचं पत्र आजच्या आज द्यावं. सुनयनाने वाचलं आणि किती दिवसांनी माझ्या शेजारी बसून चहा घेतला.

रविवारी मी उभा राहिलो. कागद उलगडला. वाचायला लागलो. खंडेनवमीला मी फिल्टर उघडला, इथपर्यंत आलो तर सगळी तोंडं माझ्याकडे वळली. नळाखाली धुतला, उन्हात वाळवला, माळ घातली. मासे माझ्यामुळे मेले आणि विचारल्यावर मी खोटं बोललो. मी मान खाली घालून वाट बघत होतो, की आता कोणीतरी खवळेल. मला कोणीतरी खवळायलाच हवं होतं. त्याला दाराशी उभं करून जे बोलले होते, तेच मला बोलावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

मागून कोणीतरी हसलं. मग आणखी दोघं-तिघं. धर्मराज स्वतःच्या खुर्चीवरून उठून आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, अहो काका, श्रद्धेने केलंत तुम्ही, त्यात काय एवढं मनाला लावून घ्यायचं? शेवटी मासेच होते. आजकाल इतकं खरं बोलतं कोण? आणि टाळ्या वाजल्या. चांगल्या जोरात वाजल्या. दोन बायका म्हणाल्या, बघा, याला म्हणतात जुनी माणसं. मला इतक्या दिवसांनी श्वास घेतल्यासारखं वाटलं. छाती हलकी झाली. मी सगळ्यांना हात जोडले, कागदाची घडी घातली आणि बसलो. कोणीतरी मला पाणी आणून दिलं. पुढचा विषय पार्किंगचा होता आणि त्यावर मी दोन मुद्देही मांडले.

खाली उतरून बागेत गेलो आणि कासिमला फोन लावला. एका दमात सांगितलं, की बोललो बाबा, सगळ्यांसमोर बोललो, एक शब्द लपवला नाही. तो म्हणाला, काय म्हणाले? मी सांगितलं, कोणी रागावलं नाही, उलट टाळ्या वाजवल्या, म्हणाले मनाला लावून घेऊ नका.

पलीकडे स्विमिंग पुलाच्या पंपाचा आवाज येत होता.

"आणि माझ्याबद्दल काय म्हणाले, काका?"

कागद माझ्या खिशात होता. शेवटच्या चार ओळी मी वाचल्याच नव्हत्या.